भुशाला भाव आला. भुसा चाळणाऱ्या हातांचे काय?

मुंबईच्या चाळीत किंवा नागपूर-पुण्याच्या जुन्या कामगार वस्तीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना भुशाची शेगडी समजावून सांगायला नको. पत्र्याचा डबा घ्यायचा, त्याच्या मधोमध बाटली नाहीतर लाकडी दांडा उभा धरायचा, भोवती लाकडाच्या वखारीतून आणलेला भुसा मुठीने ठोकून ठोकून बसवायचा आणि मग दांडा हलक्या हाताने फिरवत काढून घ्यायचा. खालच्या तोंडातून पेटती ढलपी सारली की शेगडी धुमसत राही. भुसा सैल राहिला तर मधले भोक ढासळून सगळा धूर घरात. नीट ठोकून बसला तर सकाळचा स्वयंपाक होऊन आंघोळीचे पाणीही तापे. दगडी कोळशाची चुरी शेणात किंवा चिकणमातीत कालवून तिचे गोळे थापण्याचे कामही याच घरांतल्या आया-आज्यांनी केले. त्यांना कोणी कारागीर म्हटले नाही.

त्या मुठीचे काम आता यंत्र करते. लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले, उसाची चिपाडे, जिनिंगमधला कचरा, पऱ्हाट्या-तुराट्यांचा चुरा असा हलका, फुसफुशीत माल प्रचंड दाबाखाली घालून त्याच्या मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड कांड्या काढतात. इंग्रजीतून आलेले तिचे नाव ब्रिकेट. बाजारात तिला ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. ती पांढरीही नसते आणि कोळसाही नसते, रंगाने ती तपकिरी असते; पण कोळशाऐवजी बॉयलरमध्ये जाते म्हणून हे नाव पडले. कापड रंगवणारे, औषधे बनवणारे, दूध आटवणारे, विटा भाजणारे असे अनेक कारखाने ती घेतात. आपल्या समाजातील कितीतरी माणसे आज सॉ मिलमध्ये, तेल गिरणीत, जिनिंगमध्ये, औद्योगिक वसाहतीतल्या लहान शेडमध्ये रोजाने जातात. ज्या कचऱ्यावर आपण रोज झाडू फिरवतो त्याचे पुढे काय होते आणि त्यात कोणाचे किती पोट भरते, हे त्यांना ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेख.

मोकळा भुसा हा जळण म्हणून वाईट नाही. त्याची अडचण दुसरीच आहे. तो जागा खातो. एक घनमीटर सैल भुसा भरला तर तो १५० ते २०० किलो भरतो. २० घनमीटरच्या ट्रकच्या हौद्यात तो फार तर तीन-चार टन मावेल. म्हणजे ट्रकचे भाडे पूर्ण आणि माल अर्धाही नाही. भाडे भुशाला नव्हे, भुशातल्या हवेला द्यायचे. तोच भुसा दाबून कांड्या केल्या की एका घनमीटरमध्ये सहाशे किलोच्या आसपास माल मावतो, आणि सुटी कांडी पाण्यात टाकली तर तळाला जाते इतकी ती घट्ट असते. आता तोच ट्रक जागेने भरण्याआधी वजनाने भरतो. शिवाय सैल भुसा भट्टीत टाकला की अर्धा उडून धुराड्यात जातो आणि अर्धा खाली साचून गुदमरतो. कांडी लाकडाच्या ओंडक्यासारखी सावकाश जळते. यंत्र भुशात नवी उष्णता घालत नाही; जी आहे तीच थोड्या जागेत बांधून देते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत विल्यम ईस्बी नावाच्या गृहस्थाने कोळशाच्या भुकटीचे दाबून ढेकूळ करण्याच्या रीतीचे पेटंट १८४८ सालीच घेतले होते. पण खरी बोधप्रद गोष्ट आहे ती मोटारवाल्या हेन्री फोर्डची. त्या काळच्या फोर्ड मोटारीत लाकूड पुष्कळ लागे, म्हणून १९२० च्या सुमारास त्याने मिशिगन राज्यात आयर्न माउंटन येथे स्वतःची जंगले आणि लाकडाचा कारखाना उभा केला. तिथे ढलप्यांचे आणि भुशाचे डोंगर साचू लागले. फोर्ड हा कचऱ्याकडे उत्पन्न म्हणून पाहणारा माणूस. त्याने लाकूड बंद भट्टीत भाजून त्यातून रसायने काढली, उरलेला लोणारी कोळसा कुटला, पिठाच्या खळीत मळला, दाबून त्याच्या उशीच्या आकाराच्या वड्या केल्या आणि त्या आपल्याच मोटारींच्या दुकानांतून विकल्या. १९५१ साली हा धंदा दुसऱ्यांनी विकत घेतला आणि त्याला किंग्जफोर्ड हे नाव पडले. अमेरिकेत आजही त्या नावाच्या पिशव्या विकल्या जातात. मोटारीच्या लाकडाचा जमाना संपला, तिच्या कचऱ्याचा धंदा मात्र टिकला!

आपल्या महाराष्ट्रातही पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची रीत बसवली. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या या संस्थेला त्यासाठी २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेतात पेटवून दिले जाणारे पाचट चुलीपर्यंत आणणारे ते काम होते. एक फरक इथे ध्यानात ठेवावा. एकदा कोळसा झाला की त्याला चिकटपणा राहत नाही, म्हणून त्यात खळ किंवा शेण घालावे लागते. कच्च्या भुशाला काहीच घालावे लागत नाही. तो कसा काय चिकटतो, हे पाहण्यासारखे आहे.

यंत्राच्या पोटात

लाकडात लिग्निन नावाचा एक पदार्थ असतो. झाडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवतो तो हाच. शंभर अंशांच्या पुढे तापला की तो मेणासारखा मऊ पडतो आणि गार झाला की पुन्हा कडक होतो. ठोक्याच्या यंत्रात, म्हणजे पिस्टन प्रेसमध्ये, दोन जड चाकांच्या वेगावर एक दट्ट्या पुढे-मागे धावतो. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके. दर ठोक्याला पसाभर भुसा एका निमुळत्या पोलादी नळीत कोंबला जातो. नळीचे तोंड अरुंद, मागून नवा भुसा ढकलतोय. त्या घर्षणाने आणि दाबानेच उष्णता तयार होते. दाब साध्या हवेच्या दाबाच्या हजारपट. बाहेर येते ती अखंड लांब कांडी. ती लगेच तोडत नाहीत. लोखंडी पट्ट्यांच्या लांबलचक वाटेवरून ती पुढे ढकलली जात जात गार होते आणि शेवटी आपोआप तुकडे पडतात. सरस नाही, डांबर नाही. झाडाचाच डिंक झाडाच्या कामी येतो.

दुसरे यंत्र मळसूत्राचे. त्यात स्क्रू फिरून माल दाबतो आणि मधे भोक असलेली सुबक कांडी निघते. ती पेटतेही छान. पण स्क्रूचे टोक भराभर झिजते, आणि भाताचे तूस असेल तर विचारूच नका. तुसात वाळूच्या जातीचा सिलिका भरलेला असतो. तो पोलादाला कानशीसारखा घासतो. तुसाची राखही वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी पडते. चांगल्या लाकडाच्या भुशाची राख मात्र शेकडा एक-दोनच्या घरात. म्हणूनच दोन कांड्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा भाव सारखा नसतो. जाणकार गिऱ्हाईक ओलावा आणि राख तपासून पैसे देतो.

या सगळ्या कारभाराचा जीव ओलाव्यात आहे. भुशात साधारण आठ ते बारा टक्के पाणी असावे. त्याहून फार कोरडा असला तरी कांडी भुसभुशीत होते. आणि ओला असला तर नळीतल्या उष्णतेने त्या पाण्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, आणि ती बंदुकीच्या बारासारखा आवाज करत कांडी फोडून बाहेर पडते. समोर उभ्या माणसाच्या तोंडावर तापलेला भुसा उडतो. ओल्या लाकडाच्या भुशात वजनाने निम्मे पाणी असू शकते. असा १००० किलो भुसा वाळवून दहा टक्क्यांवर आणला तर हाती उरतो सुमारे ५५५ किलो. बाकीचे पाणी. वजनावर ओला भुसा घेणारा नवशिक्या उद्योजक इथेच पहिला मार खातो.

जे काम यंत्र करीत नाही

अशा एका कारखान्यात आम्ही जाऊन आलो. मालकांनी यंत्र दाखवले, त्याची किंमत सांगितली, मिस्त्रीची ओळख करून दिली. शेडच्या मागे पत्र्याच्या सावलीत आठ-दहा बाया भुसा चाळत होत्या. त्यांची ओळख कोणी करून दिली नाही. वास्तविक यंत्र त्यांच्यावरच चालते. भुशात खिळा राहिला, लोखंडी पट्टीचा तुकडा राहिला, दगड गेला, तर दट्ट्याचे टोक आणि नळी एका ठोक्यात निकामी होते आणि कारखाना बंद पडतो. लोहचुंबक खिळा ओढतो, दगड ओढत नाही. तो डोळ्यांनी आणि बोटांनीच वेचावा लागतो. भुसा उन्हात पसरणे, दिवसातून चार वेळा वर-खाली करणे, ढग आले की धावत गोळा करणे, मुठीत आवळून ओलावा अजमावणे, हे सारे त्या करतात. त्यांतल्या एका वयस्कर मावशींनी भुसा मुठीत दाबून आमच्या हातावर टाकला आणि म्हणाल्या, “गोळा राहिला तर ओला, सुटला तर चालंल.” आठ ते बारा टक्क्यांचे शास्त्र त्यांनी एका वाक्यात सांगितले. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे मात्र ‘अकुशल’ असेच लिहिलेले असते.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. पूर्वी लाकडाच्या वखारीबाहेर, शेंगांच्या गिरणीबाहेर भुसा आणि टरफले कोणीही उचलून न्यावीत अशी पडून असत. आसपासच्या वस्तीतील बाया गोणपाटात भरून नेत. चूल चाले, पाणी तापे. कचऱ्याला भाव आला आणि फाटक बंद झाले. आता तो भुसा ठेकेदार वर्षाच्या कराराने उचलतो. मागणी वाढतच चालली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने कोळशावरच्या वीज केंद्रांना कोळशाबरोबर पाच टक्के जैविक गोळ्या जाळण्याचे धोरण लावून दिले. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच, आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण ज्या घरी सिलिंडर आला आणि दुसऱ्यांदा भरून आणायला पैसे नाहीत, त्या घरच्या चुलीखालचे फुकटचे जळण वीज केंद्राच्या भट्टीत चालले आहे, हा हिशेब कोणत्याही अहवालात आमच्या वाचनात आलेला नाही. कचऱ्यातून संपत्ती होते असे व्यासपीठावरून सांगतात. होते खरी. ती कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात जाते, हेही सांगायला हवे.

याचे उत्तर कचरा पुन्हा फुकट करणे हे नाही. कचऱ्याला भाव आहे तर कचरा हाताळणाऱ्या हातांनाही भाव हवा. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित भगिनी. उकिरड्यावर वाकून वेचणाऱ्या या बायांनी संघटना केली, ओळखपत्रे मिळवली, आणि २००८ पासून त्यांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. पसाऱ्यातून कागद वेगळा, काच वेगळी करणारे ज्ञान आपल्याजवळ आहे आणि त्याला मोल आहे, हे त्यांनी महापालिकेच्या गळी उतरवले. भुसा चाळणाऱ्या बायांचे काम काही वेगळे नाही. फरक इतकाच, की त्या दहा-दहाच्या गटाने वेगवेगळ्या शेडमध्ये विखुरलेल्या आहेत आणि ठेकेदार दर सहा महिन्यांनी बदलतो.

धूळ

लाकडाची बारीक धूळ ही नुसती खोकल्याची बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणारी म्हणून नोंदवली आहे, विशेषतः नाकाचा. कापसाच्या धुळीने छाती आवळते. सुट्टीनंतर कामावर परतल्या दिवशी दम अधिक लागतो, हे गिरणी कामगारांना चांगले माहीत आहे. पदर तोंडाला बांधल्याने मोठे कण अडतात, जे फुफ्फुसात खोल जातात ते अडत नाहीत. धूळ जिथे उठते तिथेच ओढून घेणारा पंखा आणि पिशवी हवी, आणि नाकावर बसणारा धुळीचा मास्क हवा.

धूळ पेटतेही. तुळयांवर, दिव्यांवर, पत्र्याच्या आतल्या बाजूला साचलेली कोरडी धूळ एकदा हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर ती जळत नाही, स्फोट होतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ साली जानेवारीत बर्न्स लेक येथे आणि एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्ज येथे लाकूड कापण्याच्या दोन गिरण्या अशाच उडाल्या. दोन्ही ठिकाणी दोन-दोन कामगार मेले, अनेक भाजले. श्रीमंत देशातल्या आधुनिक गिरण्या होत्या त्या. तेव्हा तुळईवरची धूळ झाडायची ती यंत्र बंद करून, ओल्या फडक्याने. हवेच्या नळीने फुंकून नव्हे. शेडमध्ये विडी ओढणाऱ्या भावाला हे सांगायला लाजू नका.

फिरत्या चाकांना आणि पट्ट्यांना जाळी हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितले. धोक्याची माहिती आणि प्रशिक्षण मागण्याचा कामगाराचा हक्क १९८७ च्या दुरुस्तीने त्यात आला. २०२० साली संसदेने कामगारांच्या सुरक्षेचे कायदे एका नव्या संहितेत एकत्र केले. कलमांचे आकडे कोणतेही असोत, जाळी नसलेल्या चाकाजवळ साडीचा पदर आणि मोकळी वेणी घेऊन कोणी उभे राहू नये, आणि अडकलेला भुसा चालू यंत्रात हात घालून कोणी काढू नये. मुकादम घाई करील. बोटे त्याची नाहीत.

आणखी एक सावधगिरी. सगळा कचरा कांडीत घालण्याजोगा नसतो. प्लायवूड आणि सनमायक्याच्या भुशात रसायनी गोंद असतो, रंगवलेल्या लाकडात रंग. रेक्झिन आणि पी.व्ही.सी. जाळली तर आम्लाचा धूर आणि डायॉक्सिनसारखी विषे निघतात. वजन वाढवायला काही जण हा माल चोरून मिसळतात. रंग-रसायनाच्या कारखान्यातला गाळ तर घातक कचऱ्यात मोडतो. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे त्याच्यासाठी वेगळ्या सोयी आहेत, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे त्याच्या प्रत्येक खेपेची लेखी नोंद लागते. रात्री निळसर गाळाची गोणी भुशाच्या ढिगात रिकामी होताना दिसली, तर ती आपल्याच वस्तीवरच्या धुराड्यातून परत आपल्याच मुलांच्या नाकात येणार आहे, हे समजून बोलावे. आणि बॉयलरची कांडी घरात बंद खोलीत थंडीच्या रात्री पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड हा वायू वास न देता माणूस झोपेत मारतो.

लोखंडाच्या कामावरील आमचे वाचक म्हणतील, आमचा कीस राहिलाच. लेथवर निघालेला बिडाचा कीस सैलच भट्टीत टाकला तर बराच गंजून-जळून वाया जातो. ॲल्युमिनियमचे तर विचारायलाच नको. म्हणून कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावसारख्या फौंड्रीच्या गावी या किसाला मोल आहे. हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबून त्याच्या जड वड्या करता येतात. त्यात चिकटवायला काही लागत नाही, आणि दाबताना कापण्याचे तेलपाणी निथळून खाली येते, तेही परत वापरता येते. मात्र ओली वडी वितळलेल्या धातूत टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो.

यंत्र घ्यावे का?

बचत गटाच्या भगिनी आणि स्वेच्छानिवृत्तीचे पैसे हाती आलेले बंधू आम्हाला हे नेहमी विचारतात. आमचे मत असे, की आधी भुसा पाहा, मग यंत्र. मोठे यंत्र तासाला टनभर माल खाते. आठ तासांच्या पाळीला आठ टन, म्हणजे ४० ते ५० घनमीटर सैल भुसा, दोन-अडीच ट्रक, रोज! हा माल वर्षभर कोण देणार, त्याचा लेखी करार आहे का, पावसाळ्याचे चार महिने तो कुठे वाळवणार, हे ठरल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नये. टनामागे पन्नास ते सत्तर युनिट वीज नुसत्या दाबण्याला जाते. वाळवणे आणि कुटणे वेगळे. यंत्र विकणारा नेहमी कोरड्या भुशाचा हिशेब दाखवतो. एकट्या गटाने मोठे यंत्र घेण्यापेक्षा चार गटांनी मिळून भुसा गोळा करून, चाळून, वाळवून तो कांडी कारखान्याला विकणे हा धंदा लहान वाटेल. पण त्यात कर्ज थोडे, आणि जे कौशल्य आपल्या हातात आधीच आहे त्याचेच पैसे होतात. दर ठरवताना ओल्या वजनाचा ठरवू नका. ओलाव्याचे मोजमाप लिहून घ्या.

कांडी घेताना ती खांद्याच्या उंचीवरून फरशीवर टाकून पाहावी. चांगली असेल तर दोन तुकडे होतील, चुरा होणार नाही. मग एक तुकडा पाण्याच्या भांड्यात टाका. तो बुडेल, आणि थोड्या वेळात फुगून पुन्हा भुसा होऊन जाईल, कारण लिग्निनची ती पकड पाण्यापुढे टिकत नाही. म्हणून मृगाच्या आधी साठा जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचावा, आणि पत्र्याला भोक आहे का ते उन्हाळ्यातच आतून वर पाहून घ्यावे.